आईचे ओठ आधी ओले करणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

आई आता नीट बोलते, वर्तमानपत्रातले मथळे स्वतः वाचते आणि रात्री शांत झोपते, हे आपल्याला कळवावे म्हणून पत्र लिहायला घेतले. परंतु नुसती खुशाली कळवून माझे समाधान होणार नाही. आपण जे केले ते चार लोकांसमोर सांगितले पाहिजे, कारण आईसारखी कितीतरी वृद्ध माणसे आजही अंथरुणाला खिळलेली असतील आणि त्यांच्या घरच्यांनाही ‘आता वयच झाले आहे, असे व्हायचेच’ एवढेच ऐकायला मिळत असेल.

आम्ही ते पुष्कळ ऐकले. आईला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, ती बसल्या जागी चादरीचे टोक चिमटीत धरून ओढत राहू लागली, संध्याकाळ झाली की मला ओळखेनाशी झाली. तरी आपल्याकडे येण्यापूर्वी ज्यांना ज्यांना आम्ही दाखवले, त्यांच्यापैकी कोणीही तिच्या सगळ्या औषधांची यादी एकत्र पाहिली नाही. लघवीला सारखे जावे लागते म्हणून ऑक्सिब्युटिनिन, पायांची आग थांबावी म्हणून रात्री अमिट्रिप्टिलीन, सर्दी हटत नाही म्हणून क्लोरफेनिरामाइन असलेले पातळ औषध, अशी भर पडत गेली. या तिन्ही औषधांमुळे शरीरातील मज्जातंतूंचे निरोप पोहोचवणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनाचे काम अडते. पुढे विसरभोळेपणा वाढला तेव्हा डोनेपेझिल सुरू झाले, जे नेमके तेच ॲसिटिलकोलीन वाढवण्यासाठी देतात. एक गोळी दार लावून घेत होती आणि दुसरी तेच दार ढकलत होती, आणि हे कोणाच्याही ध्यानात येऊ नये, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आपण पहिल्यांदा आईच्या खाटेजवळ आलात तेव्हाचे सांगते. आधीच्या प्रत्येकाने तिला नाव विचारले होते, आज वार कोणता ते विचारले होते, आणि तिच्या तोंडून अर्धवट, जड आवाज आला की ‘बोलणे असंबद्ध’ असे लिहून ते पुढे गेले होते. आपण काहीच विचारले नाही. टॉर्च लावून तिच्या तोंडात पाहिलेत. जीभ टाळूला चिकटलेली होती, तिच्यावर भेगा पडल्या होत्या आणि ओठांच्या कोपऱ्यांत पांढरा थर सुकला होता. आपण गॉजचा तुकडा पाण्यात भिजवून पिळलात, आधी ओठ, मग हिरड्या, मग जीभ सावकाश ओली केलीत, आणि त्यानंतर तिच्या डोळ्यांसमोर येऊन म्हणालात, “आजी, आता सांगा, काय होतंय तुम्हाला?” आणि उत्तराची वाट पाहत थांबलात. बराच वेळ गेला, पण आपण प्रश्न पुन्हा विचारला नाहीत की माझ्याकडे वळला नाहीत. आई म्हणाली, “पोटात दुखतंय. लघवी होत नाही.” कित्येक दिवसांत तिच्या तोंडून आलेले ते पहिले पूर्ण वाक्य होते.

तिच्या ओटीपोटावर हात ठेवताच मूत्राशय तट्ट फुगल्याचे आपल्याला कळले. डायपर ओले होते म्हणून सगळ्यांनी लघवीवर ताबा राहिला नाही असे धरले होते आणि ऑक्सिब्युटिनिनचा डोस वाढवण्याचीही भाषा झाली होती. प्रत्यक्षात मूत्राशय रिकामेच होत नव्हते आणि भरून सांडत होते ते थेंब डायपरमध्ये येत होते. पुढचे उपचार डॉक्टरांनी केले आणि त्यांचीही मी ऋणी आहे, पण त्यांच्यापुढे त्या तीन औषधांची नावे एका कागदावर मांडली ती आपण. अशा औषधांचा मेंदूवर किती भार पडतो ते मोजण्याची 2008 मध्ये तयार झालेली एक गुणपद्धती आहे; तीत एकूण 3 गुण झाले तरी सावध व्हावे असे मानतात, आणि आईच्या तिन्ही औषधांना प्रत्येकी 3 गुण होते.

आपण या औषधांना सरसकट दोष दिला नाहीत, हेही मला फार मोलाचे वाटते. हृदयाचे ठोके फार मंदावले किंवा काही कीटकनाशकांची विषबाधा झाली तर याच गटातल्या ॲट्रोपिननेच जीव वाचतो, अखेरच्या दिवसांत घशात घरघरणारा स्राव कमी करायला ग्लायकोपायरोलेट उपयोगी पडते, हे आपण मला समजावलेत. धोतरा पोटात गेलेला माणूस बरळतो, त्याचे तोंड कोरडे पडते आणि बाहुल्या विस्फारतात, ते याच गटातल्या द्रव्यांमुळे, हेही त्याच वेळी कळले. म्हातारपणी मेंदू या औषधांना अधिक हळवा होतो आणि मूत्रपिंडे व यकृत ती सावकाश बाहेर टाकतात, म्हणून गोळी दिल्यानंतर तोंड, पोट, लघवी, नजर आणि बोलणे रोज पाहावे लागते. हे रोजचे पाहणे परिचारिकेच्याच हातून होते आणि केस पेपरवर त्याची नोंद क्वचितच उठून दिसते. घाईने गोळ्या बंद करू नका, अमिट्रिप्टिलीन तर टप्प्याटप्प्यानेच कमी करतात, असे आपण मला बजावलेत, तेव्हा आपल्यावरचा माझा विश्वास दुणावला.

माणूस बोलत नसेल तर त्याला सांगण्यासारखे काही नाही असे न मानणे, त्याला बोलता यावे म्हणून आधी खटपट करणे, ही सभ्यता आपल्यात आहे. ती मला शिकलेल्या, नावाजलेल्या माणसांतही क्वचित दिसली आणि आपल्याकडे ती भर ड्यूटीत, शेजारच्या खाटेवरून हाका येत असताना दिसली.

या पत्राची एक प्रत मी आपल्या मेट्रनना पाठवत आहे. नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकांना वृद्ध रुग्णाचे तोंड आणि ओटीपोट तपासायला आणि त्याच्या सगळ्या औषधांची एकत्र यादी करायला आपणच शिकवावे, अशी विनंती मी त्यात केली आहे.

आपली कृतज्ञ,
आपल्या वॉर्डातील एका आजींची मुलगी