रानबियांची तेले: मेदाम्लांचा तक्ता पुरेसा नाही

महोदय,

करंज, कडुनिंब, मोगली एरंड यांसारख्या पडीक रानात वाढणाऱ्या झाडांच्या बियांतील तेलांविषयी हल्ली बरेच लिहिले जाते. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ही आस्था स्वागतार्हच आहे. मात्र त्यातील बरेचसे लेखन ओलिक, लिनोलिक आणि पामिटिक या मेदाम्लांच्या, म्हणजे तेल ज्यांपासून बनते त्या आम्लांच्या, टक्केवारीच्या तक्त्यावर थांबते आणि तेवढ्यावरून तेल ‘चांगले’ ठरवले जाते, हे मला धोक्याचे वाटते.

पिवळ्या धोतऱ्याचेच पाहा. ज्वारीच्या रानात आणि बांधावर हे काटेरी तण सर्रास दिसते. बोंड वाळून फुटले की त्यातून बारीक, काळे, गोल दाणे सांडतात आणि ते मोहरीत मिसळले तर चटकन ओळखू येत नाहीत. या दाण्यांच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलिक आणि त्याखालोखाल ओलिक आम्ल असते, म्हणजे तक्त्यात ते नेहमीच्या खाद्यतेलांच्या पंक्तीत सहज बसते. परंतु त्यात सँग्विनरीन आणि डायहायड्रोसँग्विनरीन ही विषारी अल्कलॉइडेही (वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त संयुगे) असतात. गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) तेलाचे मिथाइल एस्टरांत, म्हणजे सहज वाफ होणाऱ्या संयुगांत, रूपांतर करून जो तक्ता काढतात, त्यात ती दिसतच नाहीत. १९९८ मध्ये दिल्लीत या तेलाची भेसळ असलेले मोहरीचे तेल खाऊन अनेकांचे पाय सुजले, हृदयावर परिणाम झाला आणि साठांहून अधिक माणसे दगावली.

मोगली एरंडाच्या तेलातही ओलिक आणि लिनोलिक आम्लेच प्रमुख; विषारी आहेत ती त्यातील फोरबॉल एस्टर ही वेगळी संयुगे. करंजाच्या तेलाला करंजिन आणि पोंगामॉल या मेदाम्लांखेरीजच्या घटकांमुळे खाद्यतेलाची वाट बंद आहे, जरी साबण आणि कीडनियंत्रणासाठी ते मोलाचे असले. साध्या एरंडाचे मात्र उलट आहे: तेथे सुमारे ८५ ते ९० टक्के असणारे रिसिनोलिक आम्लच तेलाला वेगळेपण देते, आणि रिसिन हे जहाल विष पेंडीत राहते.

म्हणून महाविद्यालयांनी अशा तेलांवरील प्रकल्पांत मेदाम्लांखेरीजचे घटक तपासणे सक्तीचे करावे आणि आपणही असे लेख छापताना त्यांची माहिती लेखकाकडून आवर्जून मागावी, अशी विनंती आहे. पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाच्या भेसळीची प्राथमिक चाचणी तर कोणत्याही प्रयोगशाळेत होते: तेल तीव्र नायट्रिक आम्लाबरोबर हलवले की आम्लाचा थर नारिंगी-तांबूस होतो. अल्प भेसळ या चाचणीतून निसटते, त्यामुळे रंग न आल्यास क्रोमॅटोग्राफीने खात्री करावी.

— रसायनशास्त्राचा एक शिक्षक, सोलापूर