नाही म्हणालात, त्याबद्दल

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठता, म्हणून हे उघड पत्र. निदान वाचून होईपर्यंत तरी बसाल.

एका जुन्या चित्राची फ्रेम करून घ्यायला तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या तीन मागण्या होत्या. तडकलेली काच बदला, चित्राच्या कडेने आलेली तपकिरी रेघ ब्लीच लावून घालवा, आणि कागद चारी बाजूंनी दोन-दोन बोटं कापा, म्हणजे मी आणलेल्या तयार फ्रेममध्ये बसेल. बोस्टनच्या उत्तरेला एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथून हे उचललं होतं. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, जुन्या लंडनचा रस्ता आहे. मी मान डोलावली. सोफ्याच्या वरची भिंत रिकामी होती आणि माप जमत होतं, यापलीकडे मी त्या चित्राकडे पाहिलंही नव्हतं.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "कात्री नाही, ब्लीच नाही. काचेचं बघू. आधी उघडून तर बघू द्या."

मग तुमच्या टेबलावर तासभर जे चाललं ते मी हात मागे बांधून पाहत होतो. मागचे गंजलेले खिळे एकेक करून निघाले. पुठ्ठा काढला तर तो बिस्किटासारखा चुरायला लागला. "हाच चोर," तुम्ही म्हणालात. स्वस्त पुठ्ठ्यातलं आणि माउंटमधलं, म्हणजे चित्राभोवती बसवलेल्या कापीव पुठ्ठ्याच्या चौकटीतलं, आम्ल कागदात उतरतं, आणि माउंट जिथे कापलेला असतो बरोबर तिथे ती तपकिरी रेघ उमटते. मी इतकी वर्षं ऊन लागलंय असं समजत होतो. (उन्हाचा हिशेब वेगळा, तोही तुम्ही नंतर माझ्याकडून चुकता करून घेतलात.)

आणि मग माउंट उचललात. खाली चित्राच्या पायाशी, आजवर झाकलेल्या समासात, बारीक अक्षरांत ओळ होती: न्यू इंग्लंड फॅक्टरी लाइफ, बेल-टाइम. चित्रकार विन्स्लो होमर. कडेला, आडव्या धरलेल्या पानाला उभी अशी, साप्ताहिकाची तारीख: हार्पर्स वीकली, २५ जुलै १८६८. लंडन नाही, काही नाही. मॅसॅच्युसेट्समधलं लॉरेन्स! ज्या मेरिमॅक नदीवरून मी रोज गाडी नेतो तिच्याच काठची कापडगिरणी, आणि घंटा झाल्यावर बाहेर पडलेली तिथली माणसं. मी सांगितल्याप्रमाणे कात्री चालली असती तर हीच ओळ केराच्या टोपलीत गेली असती.

भिंग तुम्ही माझ्या हातात दिलंत ते बरं केलंत. चित्र छापील आहे म्हणजे कुणीतरी यंत्रावर सपासप काढलं असेल, अशी माझी समजूत. तुम्ही बोटाने, न टेकवता, एक जवळजवळ न दिसणारी पांढरी फट दाखवलीत. ती वरपासून खालपर्यंत सरळ जाते, माणसांच्या अंगावरून. असं चित्र लाकडी ठोकळ्यावर कोरून छापत. त्यासाठीच्या बॉक्सवुड नावाच्या झाडाचं खोड मुळात बारीक, त्याच्या आडव्या छेदावर कोरायचं, म्हणून मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे एकमेकांना जोडावे लागत. चित्रकार त्यावर उलटं चित्र काढी. घाई असली की ठोकळे सोडवून निरनिराळ्या कारागिरांना वाटून देत आणि कोरून झाल्यावर पुन्हा आवळत. म्हणजे या पानावर गिरणीतून सुटलेल्या माणसांच्या अंगावर दुसऱ्याच कामकऱ्यांचा सांधा आहे, आणि त्यांची नावं खालच्या ओळीत नाहीत. हे तुम्ही अगदी सहज बोलून गेलात. मला त्या रात्री झोप लागेना.

आता चेहरे बघतो. शाली घेतलेल्या बायका, दाढीवाले पुरुष, आणि त्यांच्याच चालीने चालणारी पोरं. हातात डबे. घंटा म्हणजे आपल्याकडचा गिरणीचा भोंगाच, आणि पाळी सुटल्यावरची ती चाल मी आजोबांच्या तोंडून ऐकलेली आहे, त्यामुळे अंगावर काटा आला. तुमच्या सांगण्यावरून मग मी लॉरेन्सबद्दल वाचत गेलो. या चित्राच्या आठ वर्षं आधी, १० जानेवारी १८६० रोजी, त्याच गावातली पेम्बर्टन गिरणी कोसळली होती. ढिगाऱ्यातून माणसं काढताना कंदील उलटला आणि आग लागली. बायकांना आणि मुलांना आठवड्याला साठ तासांची मर्यादा घालणारा कायदा राज्यात आला तो १८७४ साली. चित्रातली पोरं तेव्हा सहा वर्षांनी मोठी झालेली. होमरने हे काही कुठे लिहिलेलं नाही. त्याने फक्त चालणारी माणसं काढली.

दुसऱ्या शनिवारी तुम्ही कागद बसवायला घेतलात. मागचा चिकटपट्टीचा पिवळा डिंक तुम्ही कसा सोडवलात ते मला अजूनही नीट कळलेलं नाही. पण खळ मात्र ओळखली. गव्हाचं सत्त्व, पाण्यात शिजवून, गाळून. आई कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवायची, तेव्हा स्वयंपाकघरात हाच वास असायचा. त्या खळीने जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या वरच्या कडेला लावल्यात, बाकीचा कागद मोकळा. "हवेबरोबर तो फुगतो, आक्रसतो. त्याला चौफेर चिकटवलं की सुरकुत्या पडणारच." आणि वर हेही की उद्या कुणाला काढावंसं वाटलं तर ओलसर फडक्याने निघालं पाहिजे. नवा माउंट तुम्ही मुद्दाम मोठा कापलात. ओळ आता दिसते. तपकिरी रेघही दिसते. ती आधी मला खुपायची, पाहुणे अजून विचारतात, आणि मी आनंदाने सगळा पुठ्ठ्याचा इतिहास सांगतो.

फ्रेम सोफ्याच्या वर नाही. तिथे दुपारचं ऊन येतं, हे तुम्ही घरी न येता, नुसतं खिडकी कुठल्या दिशेला विचारून ओळखलंत. ती आता आतल्या बोळात आहे, जोडे काढतो तिथे. संध्याकाळी कामावरून येऊन वाकलं की डबेवाल्या बायका बरोबर डोळ्यांसमोर येतात.

मजुरीचं तुम्ही ऐकणार नाही, ते सोडून दिलं. पण काचेचे पैसे तुम्ही अजून सांगितलेले नाहीत. शनिवारी चेकबुक घेऊन येतो, चहा मीच करीन.

आपला,
तडकलेल्या काचेवाला