दांडीवर पाय टेकेपर्यंत हात खाली धरणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर तुमच्या हातात द्यायचं होतं. पण समोर आलं की बोलणं औषधाच्या थेंबांवर आणि वजनावर जातं आणि जे सांगायचं ते राहूनच जातं. शिवाय हे इतरांनीही वाचावं असं वाटतं. ज्यांच्या घरात म्हातारा पक्षी आहे त्यांना कधी ना कधी "आता काय करणार, वय झालंय" हे ऐकावंच लागतं. मी ते बरंच ऐकलं. म्हणून उघडपणे लिहिते आहे.

बंड्या हा माझा कॉकेटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट. तो 19 वर्षांचा आहे. कॉकेटील साधारण 15 ते 20 वर्षं जगतात, नीट सांभाळलेले काही पंचविशीही गाठतात. तेव्हा तो म्हातारा आहे हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला विचारायचं होतं ते वेगळंच. वरच्या दांडीवर चढायचं त्याने का सोडलं? संध्याकाळची शीळ का थांबली? दुपारभर पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात का बसतो? आणि वजन 94 ग्रॅमवरून 81 वर कसं आलं? 13 ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण साठ किलोच्या माणसाचे आठ किलो उतरले तर घरात केवढी धावपळ होईल.

तुमच्याकडे येण्याआधी ज्यांना दाखवलं त्यांची नावं मी घेणार नाही. पण राग आहे, आणि तो मी गिळणारही नाही. एकांनी पिंजऱ्याचं दारसुद्धा उघडलं नाही. लांबूनच बघितलं, पाण्यात टाकायची पावडर दिली आणि "एवढ्याशा पक्ष्यासाठी किती जिवाला लावून घेता, दुसरा आणा" म्हणाले. आजारी पक्षी आधीच पाणी कमी पितो, त्यात पाण्याची चव बदलली तर आणखीच कमी पितो. मग औषध पोटात किती गेलं हे कोण सांगणार? दुसऱ्यांनी त्याला बाहेर काढलं, पण मुठीत असं आवळलं की तो चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड खालीवर हललं तरच त्यांच्या आत हवा जाते. छाती दाबली की श्वासच बंद. पक्षी हाताळणाऱ्याला ही पहिली गोष्ट ठाऊक असायला हवी. त्यांनी पंखाखालची गाठ चाचपली आणि "काढून टाकू, उद्या उपाशी घेऊन या" असं सांगून मोकळे झाले.

एक म्हणाले काहीच करायचं नाही, दुसरे म्हणाले लगेच कापायचं. दोघांपैकी कुणीही त्याचं वजन केलं नव्हतं.

तुमच्याकडे आले तेव्हा माझ्यात फारसा दम उरला नव्हता. तुम्ही पिंजरा टेबलावर ठेवून घेतलात आणि बराच वेळ त्याला हातच लावला नाहीत. खुर्ची ओढून बाजूला बसलात आणि नुसतं बघत राहिलात. शेपटी श्वासाबरोबर हलते आहे का, पंख लोंबले आहेत का, कुठल्या पायावर भार टाकतो. तळाचा कागद काढून विष्ठा पाहिलीत, हिरवा भाग, पांढरा भाग आणि पाणी असं वेगवेगळं. मला विचारलंत, "रात्री दचकून फडफडतो का?" हो म्हटल्यावर म्हणालात की कॉकेटीलमध्ये हे नेहमीचं आहे, आणि आता नजर मंदावली असेल तर रात्री एक मिणमिणता दिवा चालू राहू द्या. मग खोलीतला दिवा मंद केलात, मऊ फडक्यात त्याला घेतलंत. दोन बोटांत मान, छाती पूर्ण मोकळी. तो ओरडला नाही. तुरा मात्र ताठ उभा होता, भीतीने.

तपासणीचं सगळं इथे लिहीत बसत नाही. ज्या एका गोष्टीसाठी हे पत्र आहे ती तपासणी संपल्यावर घडली.

तुम्ही त्याला परत आत ठेवत होतात. एरवी पक्ष्याला दारातून आत सोडतात आणि दार लावतात. तुम्ही हात आत नेलात, त्याला सगळ्यात खालच्या दांडीजवळ धरलंत आणि थांबलात. बंड्याने उजवा पाय टाकला, तो बसला. डावा टाकला तर मागची दोन्ही बोटं दांडीला वळेचनात, घसरून मागे लोंबायला लागली. त्याने पाय उचलला, पुन्हा टाकला, पुन्हा घसरला. तुमचा तळहात त्याच्या पोटाखाली तसाच होता. अंगाला न टेकलेला, केसभर खाली. बाहेर लोक खोळंबले होते, कुणीतरी दारातून डोकावूनही गेलं. तुम्ही मान वळवली नाहीत. शेवटी त्याने चोचीने पिंजऱ्याची तार धरली, अंग सावरलं आणि एकेक बोट दांडीभोवती आवळलं. मग तुम्ही आणखी थोडं थांबलात, पकड बसली आहे ना ते बघायला. त्यानंतर हात बाहेर काढलात आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "पाय दुखताहेत त्याचे. खूप दुखताहेत."

मला तिथेच रडू फुटलं. इतके दिवस सगळे त्याच्या वयाबद्दल बोलत होते. त्याला दुखतं आहे, हे म्हणणारं पहिलं माणूस तुम्ही.

त्यानंतर तुम्ही ज्या पद्धतीने निर्णय घ्यायला मदत केलीत, तेही मला लिहायलाच हवं. गाठीचा सुईने नमुना घेतलात, ती चरबीची निघाली. तुम्ही म्हणालात, "गाठ आपल्याला दिसते म्हणून आपण तिच्यामागे लागतो. त्याला त्रास पायांचा आहे." या वयात, यकृत बिघडलेलं असताना, भूल देऊन ती काढण्यात धोका जास्त आणि त्याला मिळणार काही नाही, हे तुम्ही मला समजेल अशा शब्दांत सांगितलंत. रक्त काढायच्या आधीही सांगितलंत की पक्ष्याच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आतच घ्यायचं असतं, म्हणजे याचं एक मिलीलिटरसुद्धा नाही. म्हणून जे कळल्याने उपचार बदलणार आहे तेवढंच तपासायचं. मूत्रपिंडं औषध झेलतील का ते युरिक अ‍ॅसिडवरून पाहिलंत आणि मगच संधिवाताच्या दुखण्यावर मेलॉक्सिकॅम चालू केलंत. "आधी दुखणं कमी करू. मग तो कसा वागतो ते बघू आणि पुढचं तेव्हा ठरवू." घाबरलेल्या माणसाला असा एकच पुढचा टप्पा दाखवला की किती हलकं वाटतं, ते मला त्या दिवशी समजलं.

खाण्याचंही तसंच. दाणे आजपासून बंद, फक्त पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्यांचा (पेलेटचा) आहार, असा हुकूम आधी मिळाला होता. बंड्या त्या गोळ्यांकडे खड्यांकडे बघावं तसा बघायचा आणि उपाशी बसायचा. तुम्ही म्हणालात, नुसत्या दाण्यांवर राहणं यकृताला वाईट हे खरंच, पण म्हाताऱ्या पक्ष्याला नवीन पदार्थ खाण्याचा आहे हेच कळत नाही. भरल्या वाटीसमोर तो उपाशी राहू शकतो. आधी वजन सावरू द्या, बदल हळूहळू, रोज काट्यावर नजर ठेवून.

आणि तुम्ही एक कागद घेऊन मला विचारलंत की त्याला काय आवडतं. आजारांच्या यादीच्या वर तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत: संध्याकाळची शीळ, राळ्याचं कणीस, खांद्यावर बसून चोच घासत डुलकी. पुढे कधी थांबायचं हा प्रश्न येईल तेव्हा या तीन गोष्टी बघा, असं म्हणालात. दुखणं आवरूनही यातल्या दोन गेल्या आणि परत आल्या नाहीत, तर मला फोन करा. तो प्रसंग आला तर आधी मास्कमधून गॅस देऊन त्याला गाढ झोपवतात, पुढचं त्याला काही कळत नाही, हेही सांगितलंत. मी विचारायची वाट पाहिली नाहीत, आणि डोळेही चुकवले नाहीत. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी नीट झोपले.

घरी आता पिंजरा बुटका आणि पसरट आहे. दांड्या सगळ्या खाली, मऊ पट्टी गुंडाळलेल्या, एका कोपऱ्यात झोपायला सपाट फळी. पाण्याची आणि दाण्याची वाटी फळीच्या पातळीत, म्हणजे चढावं लागत नाही. रोज सकाळी खाण्याआधी वजन. काल 87 होतं. डावा पाय अजून पूर्ण वळत नाही, आणि तो वळणार नाही हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. पण फळीवरून दांडीवर आणि दांडीवरून फळीवर दिवसभर फेऱ्या चालतात. शीळ परत आली आहे. अर्धीच म्हणतो आणि थांबतो, पण तुरा पहिल्यासारखा वरखाली होतो.

डॉक्टर, मी तुमच्या हुशारीबद्दल लिहायला हवं, ती आहेच. पण मला राहून राहून आठवतो तो पोटाखालचा हात. त्यासाठी कुठली पदवी लागत नाही. आधीच्या दोघांनाही ते जमलं असतं, म्हणून तर राग जात नाही. तुम्हाला त्यातून काही मिळणार नव्हतं. तो पक्षी कुणाला सांगू शकत नाही, मी पाहते आहे याकडेही तुमचं लक्ष नव्हतं. अशी माणसं मला आणखीही भेटली आहेत. म्हाताऱ्या माणसाला जिना उतरवताना स्वतः एक पायरी खाली उभी राहणारी नर्स, झोपलेल्या मुलाला उचलताना मानेखाली हात घालणारा अनोळखी सहप्रवासी. कुणी त्यांची दखल घेत नाही, बातमी तर नाहीच नाही. पण दुबळ्याच्या वेगाने आपला वेग कमी करणं ज्यांना जमतं, त्यांच्या जिवावर कितीतरी घरं निभावून जातात. आमचं घर सध्या तुमच्या जिवावर निभावतं आहे. 80-90 ग्रॅमच्या जिवासाठी तुम्ही जे केलंत ते मोठ्या माणसांसाठीही फार थोडे करतात, आणि हे मी अगदी विचार करून लिहिते आहे.

घरातल्या सगळ्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. आई विचारत होती की बंड्यासाठी इतकं करणाऱ्या माणसाला आपण काय देणार. मी म्हटलं, आधी पत्र तरी लिहू दे.

पुढच्या तपासणीला वजनाची वही घेऊन येतेच. गेल्या आठवड्यातल्या पानावर खूण केली आहे, सकाळचं औषध त्याने मध्येच थुंकून टाकलं होतं आणि त्या दिवशी मी पुन्हा दिलं नाही. अशा वेळी डोस पुन्हा द्यायचा की तसंच सोडायचं, ते तेवढं सांगून ठेवा.

तुमची ऋणी,
बंड्याच्या घरची