क्लास नवऱ्याला, मग बायकोने काय करायचं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जर्मनीला जाणाऱ्या मुलांच्या जर्मन क्लासच्या बातम्या अधूनमधून वाचते. २०२४ साली आपल्या राज्य सरकारने तिकडच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, १० हजार कुशल माणसं पाठवायची, नर्स इलेक्ट्रिशियन प्लंबर वगैरे, आणि भाषा आधी शिकवायची. चांगलंच आहे. पण या सगळ्यात घरच्या माणसांचं काय हे कुणी बोलतच नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही २०१४ ला दीड वर्ष मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकात होतो, मिस्टरांची बदली. सॅन होजे शहरात सान फ्रान्सिस्को दे दोस रिओस नावाचा भाग आहे तिथे घर घेतलं. तिथेच इन्स्टिट्यूटो दे लेंग्वा एस्पान्योला ही स्पॅनिशची जुनी शाळा आहे, मिशनरी लोकांसाठीच काढलेली. अमेरिकेतून अख्खी कुटुंबं येतात, वर्षभर स्पॅनिश शिकतात आणि मग पेरू, बोलिव्हिया, होंडुरास असं जिकडे नेमणूक तिकडे जातात. आमच्या शेजारी असंच एक कुटुंब आलं, नवरा बायको आणि तीन पोरं. (धर्मप्रसाराबद्दल माझं मत वेगळं आहे, ते इथे नको. येशू आधीच घराघरात असलेल्या खंडात हे आणखी काय सांगणार हा प्रश्न मी तिला एकदा विचारला पण होता, ती हसली आणि केक घेऊन आली.)

मला लक्षात राहिलं ते हे की त्या घरात दोघंही शाळेत जायचे. नवऱ्याला क्लास आणि बायको घरी असं नाही, दोघांनाही सारखाच अभ्यास, सारख्याच परीक्षा, आणि तेवढा वेळ पोरांना सांभाळायची सोय. वर्षभर दुसरं काम नाही, शिकणं हेच काम. ऐकायला मजा वाटते पण मजा नव्हती. ती बाई तिकडे पंधरा वर्षं नर्स होती, हाताखाली माणसं होती, आणि इथे गॅसवाला दारात उभा आणि सिलिंडर गळतोय एवढं तिला सांगता येईना. नाकाला हात लावून दाखवत होती बिचारी. त्या दिवशी माझ्या किचनमध्ये बसून रडली, म्हणाली मी चार वर्षांची झालेय परत. त्यांचा मधला मुलगा आठ वर्षांचा, पहिले दोन महिने बाहेर कुणाशी एक शब्द बोलला नाही, पाहुणे आले की टेबलाखाली. आणि डिसेंबरात तोच आईच्या चुका काढायला लागला, तेही दुकानदारासमोर.

चुका तर काय विचारू नका. स्पॅनिशमध्ये दमलेली म्हणजे कान्सादा आणि लग्न झालेली म्हणजे कासादा. ही कोपऱ्यावरच्या पुल्पेरियात, म्हणजे आपलं किराणा दुकान, दमूनभागून गेली आणि म्हणाली मी आज फार लग्न झालेली आहे. दुकानवाली बाई काउंटरवर डोकं ठेवून हसत होती.

पत्ते तर अजूनच भारी. घराला नंबर नाही, चर्चपासून २०० मीटर दक्षिण, मग ५० पूर्व, हिरवं गेट. आणि १०० मीटर म्हणजे एक चौक, मोजायला गेलात तर फसलात. जवळच्या सान पेद्रो भागात एक मोठं अंजिराच्या जातीचं झाड होतं, ते कधीच गेलं तरी पत्ता अजून त्या झाडापासूनच. आपल्या पुण्यात शिवाजी पूल शंभरीला आला तरी नवा पूलच ना, तसं. आणि लोक इतके अदबीचे की लहान मुलांना, कुत्र्याला पण उस्तेद, म्हणजे अहो मोत्या, इकडे या, बसा. हे मला तिनेच सांगितलं, शाळेतून आली की रोज एक गोष्ट सांगायची.

आणि मी? कंपनीने मिस्टरांना आठवड्यातून दोनदा शिक्षक दिला, ऑफिसात. मला काहीच नाही, विचारलंच नाही कुणी, आणि खरं सांगायचं तर मीही मागितलं नाही, वाटलं कानावर पडून येईल. नाही येत. रविवारी झापोतेच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीकडे बोट दाखवायचं, नोट पुढे करायची, उरलेले पैसे न मोजता पर्समध्ये. दीड वर्ष हेच.

एका रात्री मुलीला ताप चढला, मिस्टर गावाला. क्लिनिकमधल्या डॉक्टरांना इंग्लिश येत नव्हतं, ते काय काय विचारत होते आणि मी सगळ्याला सी सी, हो हो. शेजारीण सोबत होती. तिने एकदम माझा दंड धरला, अगं ते विचारतायत हिला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, आणि तू हो म्हणतेयस. तिचं स्पॅनिश तेव्हा सहा महिन्यांचं. मोडकंतोडकं, पण माझ्या मुलीला त्या रात्री ते पुरलं.

मिशनऱ्यांना हे शहाणपण पहिल्यापासून होतं असंही नाही. विल्यम कॅरी १७९३ ला बंगालमध्ये आले. १८०५ ला त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, १८१० ला कोश, तेही सेरामपूरहून (बंगालमधलं, नगरचं श्रीरामपूर नव्हे), मदतीला वैजनाथ पंडित. आपण शाळेत ऐकलेलं असतं. त्यांची बायको डोरोथी मात्र कुणाला माहीत नसते. लग्नात तिने सहीच्या जागी फुली केली होती, भारतात यायला तर तयारच नव्हती. आल्यावर वर्षभरात पाच वर्षांचा पीटर गेला आणि तिचं मन जे बिघडलं ते १८०७ ला ती जाईपर्यंत बिघडलेलंच. भाषेअभावी झालं असं मी म्हणत नाही, मूल गेलं होतं, आजारपणं होती. पण नवऱ्याचं व्याकरण छापून येतंय आणि बायको खोलीत बंद, हे एकाच घरात चालू होतं.

म्हणून सरकारला आणि क्लास चालवणाऱ्यांना एकच सांगणं. ज्याचा जोडीदार मागाहून जाणार आहे त्याच्या क्लासमध्ये अजून एक खुर्ची द्या, फी थोडी जास्त घ्या हवं तर. आणि शिकवताना डॉक्टर, गॅस, मुलांची शाळा, पत्ता हे आधी घ्या, व्याकरणाचे तक्ते नंतर.

माझा भाचा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन आहे, त्याचंही जर्मनीचंच चाललंय. रात्री आठ ते दहा त्याचा ऑनलाइन क्लास, दार लावून. सूनबाई त्या वेळात भांडी घासते, पोराला झोपवते, आवाज करू नको म्हणते. मी म्हटलं तू पण बस की. तर म्हणाली, मावशी, हे म्हणतात तुला तिकडे गेल्यावर येईल आपोआप. मी भाच्याला फोन करून दार उघडं ठेवायला सांगितलंय. भांडी काय, दहानंतर दोघं मिळून घासा.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली