काकांच्या गळ्यातली नळी

प्रिय अविनाश,

काकांना गुरुवारी घरी सोडणार, हे वाचून बरं वाटलं. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवलीय (डॉक्टर याला ट्रेकिओस्टॉमी म्हणतात), त्या भोकाची धास्ती घेऊ नकोस. जपायचं आहे ते नळीला.

आपली श्वासनलिका 10 ते 12 सेंटिमीटर लांब. तिला कूर्चेच्या 16 ते 20 कड्या असतात, पण पूर्ण गोल नाहीत. घोड्याच्या नालासारख्या, मागून उघड्या. म्हणून श्वास ओढताना ती चपटी होत नाही, आणि खोकताना मागची मऊ भिंत आत दबून हवा जोरात सुटते, बेडका वर येतो. पूर्ण गोल कडी एकच, सगळ्यात वरची, क्रिकॉइड. तिथे इजा झाली तर जखम भरताना आकसते आणि वाट कायमची अरुंद होऊ शकते. म्हणून भोक तिच्या खाली, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या कडीजवळ पाडतात.

आता काकांची हवा नाकातून जात नाही. नाक तिला ओलावा आणि ऊब देतं, ते थांबलं. त्यामुळे बेडका सुकतो, नळीत पापुद्र्यासारखा चिकटतो, आणि नळी बुजते. घरी सगळ्यात जास्त भीती याचीच. नळीच्या तोंडावर एचएमई फिल्टर (श्वासातली ऊब आणि ओलावा धरून ठेवणारी टोपी) ठेवा, नेब्युलायझर (वाफारा देणारं यंत्र) सांगितला असेल तर चुकवू नका.

ही नळी दुहेरी असते, बाहेरची जागेवरच राहते; आतली नळी दिवसातून निदान तीनदा काढायची. एका हाताने बाहेरच्या नळीची गळ्याला टेकलेली कड घट्ट धरायची, दुसऱ्याने आतली फिरवून तिच्या वळणानेच ओढायची. उकळून कोमट केलेल्या पाण्यात ब्रशने धुवायची, उजेडाकडे धरून आरपार बघायची. कडेला पिवळट थर दिसला तर पुन्हा धुवायची.

सक्शनला, म्हणजे यंत्राने बेडका ओढून काढायला, 8 नंबरच्या नळीसाठी 12 नंबरचा कॅथेटर (बारीक लवचिक नळी). आत जाताना सक्शन बंद. बाहेर काढताना चालू, 10 सेकंदांत संपवायचं. जास्त वेळ ओढलं तर ऑक्सिजन उतरतो.

हॉस्पिटलमध्ये ‘कफ फुगवलाय’ म्हणतील, तो बेडका नव्हे, नळीभोवतीचा फुगा. त्यातला दाब 20 ते 30 सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका. त्यापेक्षा जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा अडतो. बोलण्याचा व्हॉल्व्ह हवा नळीतून आत घेतो, बाहेर सोडत नाही; तो लावण्याआधी हा फुगा पूर्ण रिकामा हवाच, नाहीतर श्वास सोडायला वाटच उरत नाही.

कधी काका घुसमटले तर आधी आतली नळी काढ. फरक नाही? कॅथेटर घाल. तो अडला तर फुगा रिकामा कर, 108 ला फोन लाव. तरीही श्वास जात नसेल तर नळी पूर्ण काढ, तोंडावर आणि भोकावर ऑक्सिजन धर. उशाशी त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशी दुसरी नळी कायम असू दे. नळी बांधायच्या गळ्याभोवतीच्या पट्टीखाली एक बोट जाईल इतकीच ढील ठेव. आंघोळीत भोकात पाणी जाऊ देऊ नका, जवळ पावडर तर नकोच.

गुरुवारी निघण्याआधी सिस्टरांसमोर आतली नळी तू स्वतः दोनदा काढून घाल. वहिनींनाही करायला लाव, तू ऑफिसला असताना घरी त्याच असतील.

तुझा,
सतीश