मोठ्या कॅमेऱ्यांचा धंदा : हिशेबात कारागिराचे तासही धरावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फिल्मवरच्या छायाचित्रणाला पुन्हा आलेल्या दिवसांबद्दल लेख आला होता. शीट फिल्म, म्हणजे रिळाऐवजी एकेक सुटा तुकडा असलेली फिल्म, वापरणारे मोठे कॅमेरे आणि त्यांचे सुटे भाग बनवणे ही लहान कारखानदाराला चालून आलेली संधी आहे, असे त्यात शेवटी सुचवले आहे. लेखातल्या उत्साहाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु नोकरीची सारी वर्षे टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे-हत्यारे बनवण्याच्या विभागात, काढलेला आणि हौसेपोटी या कॅमेऱ्यांचे भाग करून विकलेला माणूस म्हणून मला हे लिहिणे भाग आहे की, मागणी आहे की नाही हा इथला खरा प्रश्नच नव्हे. मागणी आहे. एका नगामागे जितके तास जातात तितक्या तासांचे मोल ग्राहकाकडे मागण्याची कारागिराची तयारी असते का, आणि तेवढा भाव लावूनही वर्षाकाठी पुरेसे नग खपतात का, हे पाहिले पाहिजे; आणि लेखात नेमके तेच पाहिलेले नाही.

लेखात दिलेले बहुतेक दाखले ३५ मिलिमीटरच्या, म्हणजे छोट्या रिळाच्या फिल्मचे आहेत. कोडॅकने २०१८ मध्ये एक्टाक्रोम ही रंगीत फिल्म पुन्हा बाजारात आणली, लायकाने २०२२ मध्ये एम-६ हा फिल्म कॅमेरा पुन्हा काढला, पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा विक्रीला आणला, हे सर्व खरे आहे. पण तीच एक्टाक्रोम शीटच्या रूपात मिळायला २०१९ चा शेवट उजाडावा लागला, यावरून आमच्या गिऱ्हाइकांचा क्रमांक रांगेत कितवा लागतो ते समजावे. ४ बाय ५ इंची शीट ३५ मिलिमीटरच्या एका चौकटीच्या सुमारे पंधरा पट असते आणि ८ बाय १० इंची शीट सुमारे साठ पट. एकेक शीट अंधारात होल्डरमध्ये, म्हणजे फिल्म धरणाऱ्या चपट्या पेटीत, भरायची, कॅमेरा तिकाटण्यावर चढवायचा, डोक्यावर काळे कापड घेऊन दुधी काचेवर उलटी प्रतिमा जुळवायची आणि मग एकच चित्र घ्यायचे, हा खटाटोप आवडणारी माणसे जगभर विखुरलेली आहेत, ती निष्ठावान आहेत, पण ती मोजकी आहेत. छोट्या फिल्मकडे वळलेल्या तरुणांपैकी थोडेच इथवर येतात, आणि जे येतात तेही कॅमेरा बहुधा एकदाच विकत घेतात.

हे ‘एकदाच’ धंद्याच्या दृष्टीने सर्वांत जड जाते. दोन चौकटी, त्यांच्यामध्ये उजेड अडवणारा घडीचा भाता, पुढे भिंग, मागे दुधी काच, एवढाच हा कॅमेरा. त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. भात्याचे कोपरे झिजून त्यांतून उजेड शिरू लागला की नवा भाता बसवायचा आणि पुढची कित्येक वर्षे निश्चिंत राहायचे. शिकागोची डिअरडॉर्फ कंपनी १९८८ मध्ये बंद पडली, तरी तिचे महोगनीचे कॅमेरे आजही लोक वापरत आहेत. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात मोडलेल्या गुत्त्यांच्या लाकडातून त्यांतले पहिले कॅमेरे केले गेले असे सांगतात. लाकूड मुरलेले असणार, एवढे मात्र कोणताही सुतार मान्य करील. पूर्वी जाहिरातीचे आणि वास्तुचित्रणाचे व्यावसायिक स्टुडिओ एकेका वेळी अनेक कॅमेरे आणि डझनांनी होल्डर घेत आणि रोजच्या राबत्यात झिजवतही. ते डिजिटलकडे गेले तेव्हा नवी मागणी तर आटलीच, शिवाय त्यांची कपाटे रिकामी होऊन उत्तम जुना माल बाजारात आला. म्हणून आज नवा कॅमेरा बनवणाऱ्याची खरी स्पर्धा शेजारच्या कारखान्याशी नाही, मागच्या पिढीच्या चोख कामाशी आहे. त्याने स्वतः चांगले काम केले तर त्याचाही कॅमेरा कधीतरी त्याच जुन्या बाजारात त्याच्याविरुद्ध उभा राहणार आहे.

होल्डरचे उदाहरण थोडे जवळून पाहावे, कारण बाहेरच्या माणसाला ती एक पातळ चपटी पेटी वाटते. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक शीट बसते आणि प्रत्येक शीटवर सरकते झाकण असते. ४ बाय ५ च्या होल्डरमध्ये फिल्मची बैठक किती खोल असावी याचे प्रमाण ठरलेले आहे : ०.१९७ इंच, आणि त्यात ०.००७ इंचाची घटवाढ चालते. यंत्रशाळेच्या बोलीत सात थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे जवळजवळ शीटच्या स्वतःच्या जाडीइतकेच. ही खोली चुकली तर दुधी काचेवर लख्ख दिसलेली प्रतिमा फिल्मवर भुरकट उमटते आणि दोष भिंगावर ढकलला जातो. खोली साधणे मात्र त्यातल्या त्यात सोपे, कारण ती मोजता येते. सरकते झाकण बाहेर ओढल्यावर त्याच्या फटीतून उजेड आत जाऊ नये म्हणून आत मखमलीची पट्टी आणि तिला दाबून धरणारी पातळ स्प्रिंग बसवावी लागते, आणि खरी परीक्षा तिथे होते. पट्टी जास्त दाबली तर झाकण अडकते आणि धूळ खरवडून फिल्मवर सोडते. कमी दाबली तर उजेड गळतो.

मी एकदा असे चोवीस होल्डर केले. मखमलीची पट्टी दोन खेपांत आली, आणि दुसऱ्या खेपेत पुरवठादाराने न सांगता किंचित आखूड लवेची पट्टी दिली. हाताला फरक कळण्यासारखा नव्हता. विजेरी लावून अंधाऱ्या खोलीत तपासले तेव्हाही सारे ठीक दिसले; पण एका ग्राहकाने प्रवासात भर उन्हात झाकण ओढले आणि तीन शीटांच्या एकाच कोपऱ्यातून पांढुरका फराटा उमटला. त्याचा प्रवास वाया गेला. मी बारा होल्डर परत मागवून उघडले आणि नव्याने पट्ट्या बसवल्या. मोठ्या कारखान्यात अशी चूक हजारो नगांवर वाटली जाते आणि पचते. चोवीस नगांत बारा परत आले, तर त्या खेपेत नफा नावाची गोष्टच उरत नाही.

यावर कोणी म्हणेल की साचा करा, प्लास्टिकमध्ये ओता, हाताचे काम संपेल. साच्याचा खर्च मात्र नग दहा काढले काय किंवा दहा हजार काढले काय, तोच राहतो. समजा, साच्याला सहाशे होल्डरांच्या विक्रीइतकी रक्कम लागते आणि वर्षाला दोनशे होल्डर खपतात. मग कच्चा माल, मजुरी, पॅकिंग सारे फुकट धरले तरी साच्याचे पैसे सुटायला तीन वर्षे जातात, आणि ती तीन वर्षे कारागिराने कशावर जगायचे ते कागदावर कुठेच नसते. थ्रीडी प्रिंटर आणि लेझर कटिंग यांनी हा पेच थोडा सैल केला आहे हे मी मान्य करतो. भात्याच्या कड्या, लेन्स-पाट्या (भिंग ज्यावर बसते त्या पाट्या), नॉब यांसाठी आता साचा लागत नाही. उजेड अडवणाऱ्या सांध्याचे काम मात्र अजून बोटांनाच करावे लागते.

आता कॅमेऱ्याचा हिशेब. समजा, एका लाकडी ४ बाय ५ कॅमेऱ्याला सर्व मिळून पन्नास तास लागतात. वर्षात दोन हजार तास काम केले, तरी त्यातले निम्मे पत्रव्यवहार, खरेदी, दुरुस्ती, पॅकिंग आणि परत आलेला माल यांत जातात. हा अंदाज कोणाला फुगवलेला वाटेल, पण एकट्याने धंदा केलेल्याला वाटणार नाही. उरलेल्या हजार तासांत वीस कॅमेरे होतात. म्हणजे घरखर्च, भाडे, वीज, विमा आणि यंत्रांचा घसारा या सर्वांचा विसावा भाग, अधिक सामानाचा खर्च, ही एका कॅमेऱ्याची किमान किंमत झाली. मधल्या विक्रेत्याला तिसरा हिस्सा द्यायचा झाल्यास ती दीडपट होते. एवढ्यात जुन्या बाजारात नामांकित कंपनीचा धडधाकट कॅमेरा मिळत असेल, तर ग्राहक तिकडे वळतो आणि त्यात त्याची काही चूक नसते. या ठिकाणी बहुतेक कारागीर स्वतःचे तास कमी मोजतात आणि भाव उतरवतात. तो उतरवलेला भाव म्हणजे स्वस्ताई नव्हे. कारागिराने ग्राहकाला आपल्या खिशातून दिलेली ती वर्गणी असते.

दुसरी फसगत पहिल्या वर्षाच्या मागणीने होते. नवा कॅमेरा आला की कित्येक वर्षे वाट पाहत बसलेले हौशी लोक एकदम मागणी नोंदवतात. वीस करायचे ठरवलेल्याकडे साठ नोंदी येतात, तो दोन माणसे कामाला ठेवतो, जागा मोठी घेतो, आगाऊ रक्कम लाकडात आणि धातूत गुंतवतो. ती साठलेली मागणी असते, वाहती नसते. तिसऱ्या वर्षी पंधरा नोंदी येतात आणि पगार मात्र तिघांचे द्यावे लागतात. आगाऊ रकमेबद्दलही गैरसमज आहे. क्राउडफंडिंगमधून, म्हणजे अनेक ग्राहकांकडून आगाऊ गोळा केलेल्या वर्गणीतून, आलेला पैसा विक्रीचा म्हणून मिरवला जातो, पण माल हातात पडेपर्यंत ते कर्जच असते, तेही शेकडो सावकारांचे. पोलरॉइडने २००८ मध्ये इन्स्टंट, म्हणजे काढताच चित्र देणारी, फिल्म बंद केल्यावर ४ बाय ५ ची तशी फिल्म पुन्हा करण्याचा न्यू-५५ हा प्रयत्न २०१४ मध्ये अशाच मार्गाने उभा राहिला. फिल्म झाली, ग्राहकांपर्यंत पोहोचलीही, तरी २०१७ मध्ये उत्पादन थांबवावे लागले.

शटरचा विषय लेखात अजिबात आलेला नाही. लाकूड, पितळ, भाता, काच हे सर्व लहान कारखान्यात होऊ शकते. सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतके नेमके उघडमीट करणारे यांत्रिक शटर होऊ शकत नाही. मोठ्या भिंगांसाठीची शटरे जवळजवळ सर्व कंपन्या जपानच्या कोपालकडून घेत, आणि कोपालने ती बनवणे थांबवून आता बरीच वर्षे झाली. निकॉनने मोठ्या कॅमेऱ्यांची भिंगे बंद करत असल्याचे २००६ मध्येच जाहीर केले होते. त्यामुळे आज नवा कॅमेरा घेणारा माणूस त्यावर बहुधा जुनेच भिंग लावतो, आणि नव्या कॅमेऱ्याचा धंदा जुन्या शटरांच्या तब्येतीवर चालतो. शटर दुरुस्त करणारे हात शिल्लक आहेत तोवर ठीक आहे.

यातूनही काही जण तगले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या इंट्रेपिड कंपनीने २०१४ मध्ये किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावरून प्लायवूडचा हलका कॅमेरा आणला. देखणेपणात जुन्यांशी बरोबरी करण्याचा आग्रह तिने सोडला, किंमत आवाक्यात ठेवून नवशिक्याला गाठले आणि पुढे एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा छाप काढण्याचे यंत्र, हेही काढले, म्हणजे त्याच ग्राहकाला दुसऱ्यांदा दुकानात येण्याचे कारण दिले. याउलट जपानच्या एबनी कंपनीने उंची लाकूड आणि टायटॅनियम वापरून अप्रतिम कॅमेरे केले. ती २०१६ मध्ये बंद झाली. कोणता कॅमेरा अधिक चांगला, असे मला विचाराल तर मी एबनीचे नाव घेईन.

मला सर्वांत शहाणा वाटतो तो इलफर्ड या ब्रिटिश फिल्म कंपनीचा शिरस्ता. २००४ मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेलेली आणि पुढच्याच वर्षी तिथल्याच व्यवस्थापकांनी विकत घेऊन सावरलेली ही कंपनी अनवट आकारांच्या शीटांसाठी वर्षातून एकदा ठरावीक मुदतीत मागण्या गोळा करते, तेवढ्याच शीटा कापते आणि खिडकी बंद करते. माल पडून राहत नाही, भांडवल अडकत नाही, आणि ग्राहकालाही ठाऊक असते की आता नोंदवले नाही तर वर्षभर थांबावे लागेल. होल्डर, भाते आणि लेन्स-पाट्या करणाऱ्याने हीच पद्धत धरावी, कॅमेऱ्याच्या आधी या झिजणाऱ्या, हरवणाऱ्या, पुन्हा लागणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात करावी, आणि माप आपले नवे न काढता रूढ असलेलेच घ्यावे. लिनहॉफच्या टेक्निका कॅमेऱ्याची लेन्स-पाटी कित्येक कंपन्यांनी प्रमाण मानली आहे; ती करणाऱ्याला त्या सर्व कॅमेऱ्यांचे मालक ग्राहक म्हणून मिळतात. स्वतःचेच माप काढणाऱ्याला स्वतःचेच वीस मिळतात.

आपल्या लेखात नोकरी सोडून या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांचा उल्लेख आहे. त्यांनी पहिली दोन वर्षे नोकरी सोडू नये, आणि पहिल्या नगापासून तासांची वही ठेवावी. झाडलोट, चुकलेले काप आणि पोस्टात घालवलेली दुपार यांसकट. पत्र लिहायला बसण्यापूर्वी मी त्या चोवीस होल्डरांची माझी वही काढून पाहिली. परत आलेले बारा धरून एका नगामागे सव्वापाच तास पडले होते. विकताना मी तीनच धरले होते.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कारागीर