माजी सैनिकाकडूनही आधी डिपॉझिट?

महोदय,
माझे यजमान निवृत्त हवालदार. गेल्या महिन्यात रात्री छातीत कळ आली म्हणून कळव्याहून रिक्षाने त्यांना ठाण्यातल्या एका रुग्णालयात नेले. ते रुग्णालय ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, यादीतले. कार्ड काउंटरवर ठेवले. आतल्या मुलीने ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, ‘‘काकू, मागच्या बिलांचे पैसेच आले नाहीत अजून. आधी चाळीस हजार भरा.’’ शेजारच्या मुलाने मोबाइलवरून पैसे भरले, तेव्हा कुठे स्ट्रेचर हलले.

२००३ पासूनची ही योजना. वर्गणी आम्हीही भरली आहे. मग बिले तुंबतात कुठे? संरक्षण खात्याच्या खरेदीतही तेच. ८३ तेजस लढाऊ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा, पहिले विमान मार्च २०२४ पर्यंत यायचे होते. ती तारीख हुकली. सियाचीनमधल्या जवानांच्या बर्फाच्या चष्म्यांचा तुटवडा तर ‘कॅग’ने (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी) सांगितला तेव्हा कळला.

कोणत्या रुग्णालयाचे किती थकले, हे संरक्षण मंत्रालयाने दरमहा जाहीर करावे. आमच्या खासदारांनी एवढे तरी संसदेत विचारावे. सत्काराच्या शाली घरात तीन आहेत, चौथी नको.

– एक सैनिकपत्नी, कळवा (ठाणे)